संक्रांतीच्या यादीतून कोण गळतं?

‘साधेपणाने सण करा’ असं नुसतं म्हटलं तरी हल्ली अंगावर येणारी माणसं भेटतात. त्यांचं म्हणणं असं : आमच्या आज्यांनी जन्मभर पै-पै जोडली, आता दोन पैसे हाताशी आहेत तर हौस का मारायची? वर्षातून एकदा घरी चार बायका येणार, त्यांची काय चिमूटभर तिळगुळावर बोळवण करायची? साधेपणाचं कौतुक भरल्या पोटीच सुचतं. आपण खर्च केला तर दुसऱ्याची चूल पेटते. आणि तिळगूळ घरी करा, गूळपोळ्या घरी लाटा, असं सांगणाऱ्यांपैकी ओट्याशी उभं कोण राहतं, तेही एकदा सांगून टाका.

यातला शेवटचा टोला वर्मी बसणारा आहे. त्याचं उत्तर द्यावंच लागेल आणि ते पुढे देतो. बाकीचे मुद्दे मात्र एकाच समजुतीवर उभे आहेत : खर्च वाढवला की सण मोठा होतो. संक्रांतीच्या बाबतीत तरी ही समजूत साफ चुकीची आहे. खर्च वाढला की संक्रांत लहान होते, कारण बोलावण्याच्या यादीतली माणसं कमी होतात.

वाणाचाच हिशेब घ्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करायचं, आलेल्या प्रत्येकीला हळदकुंकू, तिळगूळ आणि एखादी उपयोगाची वस्तू द्यायची, ही रीत. पूर्वी ती वस्तू म्हणजे फणी, साबणाची वडी, गाळणी, फार तर काचेच्या दोन बांगड्या. वीस रुपयांचं वाण धरलं तर शंभरजणींचे दोन हजार होतात. आता दीडशे रुपयांचा स्टीलचा डबा किंवा नक्षीची पर्स धरा. चाळीसजणींतच सहा हजार झाले. मग संध्याकाळी नवरा-बायको कागद घेऊन बसतात आणि पहिला प्रश्न निघतो, ‘किती जणी होतात गं?’ इथून पुढे काटछाट सुरू. पलीकडच्या विंगमधल्या दोघी, ज्यांच्याशी लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे ओळख नाही, त्या आधी जातात. मग गेल्या महिन्यात राहायला आलेली भाडेकरू. मग इस्त्रीवाल्याची बायको आणि वॉचमनची बायको. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना वगळणं बरं दिसत नाही, तेव्हा त्यांना ‘वेगळं काहीतरी देऊ’ म्हणून स्वयंपाकघरातच साडीचं पाकीट दिलं जातं. बैठकीच्या खोलीत बसायला त्यांना कुणी सांगत नाही.

आणि गळती एका बाजूनेच होत नाही. जिला बोलावलंय तीही मनात गणित मांडते. तिच्याकडून डबा घेऊन यायचा तर आपल्याकडे तिला चमचा कसा द्यायचा? यंदा आपल्याच्याने होणार नाही, तेव्हा तिच्याकडेही नको जायला, डोकं दुखतंय म्हणून कळवू. अशी डोकेदुखी जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सोसायट्यांमध्ये फार पसरते. ज्या समारंभाचं एकमेव काम बायकांना एकमेकींच्या घरी नेणं हे होतं, तो त्यांना घरी बसवू लागला.

परंपरेचा हवाला देणाऱ्यांसाठी एक आठवण. जानेवारी 1852 मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या महिला मंडळाने तिळगूळ समारंभ केला होता. कोणत्याही जातीच्या स्त्रिया येवोत, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवून सारख्याच रीतीने हळदीकुंकू आणि तिळगूळ दिला जाईल, अशा आशयाचं त्याचं निमंत्रण होतं. त्या काळच्या पुण्यात याहून मोठी संक्रांत झाली असेल असं मला वाटत नाही. तिला लागलं काय? एक जाजम, थोडं हळदकुंकू आणि तिळगूळ. ज्या वस्तूंना पैसे पडतात त्या त्या दिवशी दुय्यम होत्या. वाणाच्या नावाखाली आज जे घाऊक बाजारातून पोत्यांनी येतं, त्याला परंपरा म्हणायचं असेल तर निदान ती आपल्या डोळ्यांदेखत सुरू झाली, हे तरी कबूल करावं. तशी संक्रांतीची तारीखही कुठे स्थिर आहे? विवेकानंद 12 जानेवारी 1863 ला जन्मले तो दिवस संक्रांतीचा होता. आज ती 14-15 जानेवारीला येते. ज्या सणाची तारीखच सरकते, त्याच्या वाणाची किंमत मागे घ्यायला धर्मशास्त्राची आडकाठी असू नये.

आता ‘साधेपणा म्हणजे गरिबीचं उदात्तीकरण’ हा आरोप. तो करणाऱ्यांनी सुगडात काय भरतात ते एकदा नीट बघावं. गाजराचे तुकडे, मटाराच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची कांडी, गव्हाची ओंबी, तिळगूळ. यातली एकही वस्तू त्या आठवड्यात दुर्मीळ नसते. गाजर, मटार आणि ओला हरभरा वर्षभरात सगळ्यांत स्वस्त मिळतात ते याच दिवसांत. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांची धुराडी ऐन भरात असतात, त्यामुळे नवा गूळ बाजारात असतो. बाजरी खरिपाची, म्हणजे घरात येऊन पडलेली. आदल्या दिवशीच्या भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि घेवडा, वांगं, गाजर, सोलाणे, दाणे एकत्र शिजवलेली भाजी. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असतं, बाजरी उष्ण मानलेली, आणि बाहेर थंडी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण कुणा दरिद्री माणसाने स्वतःचं समाधान करून घ्यायला रचलेली नाही. शेतात काय, कधी आणि किती पिकतं हे पक्कं ठाऊक असलेल्या घरातली ती म्हण आहे.

शिवाय सूर्याच्या हिशेबाने येणारा हा सण बहुधा पौषात पडतो. पौषात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत. वर्षातल्या मोठ्या खर्चाला जुन्या पंचांगाने जिथे खीळ घातली, तिथेच हा सण बसलाय. म्हणजे खिशाला विश्रांती आणि जिभेला मजा अशी ती वेळ. त्याच महिन्यात आपण हॉल, केटरर आणि फुग्यांची कमान घुसवली.

लातूर-धाराशिवकडची वेळा अमावास्या, तिकडच्या बोलीत येळवस, ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे डिसेंबर किंवा जानेवारी, रब्बी गुडघ्या-कमरेला आलेली. शेतात कडब्याची खोप करायची, तिच्यात दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि दिवसभर तिथेच जेवायचं. जेवायला भज्जी : वाल, तूर, हरभरा, मटार यांच्या ओल्या शेंगांचे दाणे, मेथी-पालक, कांद्याची पात, सगळं चिंचेच्या आंबट पाण्यात शिजवून बेसन लावून घट्ट केलेलं. सोबत उंडे, तिळाच्या आणि दाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर आणि मडक्यात मुरलेली, ताकात ज्वारीचं पीठ कालवून केलेली आंबील. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात, दुकानांची शटर खाली असतात. ज्याचं शेत नाही तो कुणाच्या ना कुणाच्या शेतात असतो, कारण बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं हाच तिथला रिवाज. कुणी मोजत नाही किती ताटं झाली. मोजायची गरजच पडत नाही, कारण हरभरा, तूर, वाल रानातलेच आणि आंबील आणखी एक तांब्या ताक घातलं की वाढते. उद्या याच जेवणात पनीर आणि आइस्क्रीमचा काउंटर आला, तर पहिली गोष्ट ही होईल की बांधावरच्या माणसाला हाक मारण्याआधी यजमान ताटं मोजेल. हुरड्याचं तसं झालंच आहे. आगटीभोवती बसून तळहातावर चोळलेला गरम हुरडा लसणाच्या चटणीशी खाणं, हे रानातल्या माणसाने पाहुण्याला सहज द्यायचं खाणं होतं. आता त्याला माणशी दर आहे, पोरांना निम्मा. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. फक्त ती आता पाहुणचाराची गोष्ट उरली नाही, एवढंच.

‘भरल्या पोटाचा उपदेश’ या टीकेत तथ्य केव्हा असतं? तो उपदेश गरिबाला केला जातो तेव्हा. ऋण काढून सण करू नये हे शेतकऱ्याला सांगण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. मे 1875 मध्ये सुप्यात दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटलं, सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले, तेव्हाही साहेबाच्या राज्यात असाच सूर होता की हे लोक लग्नं आणि सण यांच्यापायी बुडतात. चौकशीला नेमलेल्या आयोगाने मात्र स्पष्ट नोंदवलं की या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. असे प्रसंग क्वचितच येतात. तेव्हा हातावर पोट असणाऱ्याच्या पोळीवरचं तूप मोजायला मी बसलेलो नाही. माझं भांडण आपल्याशी आहे, पगारदार, फ्लॅटवाल्या, हप्ते भरणाऱ्या माणसांशी. कारण दर आपण ठरवतो. आपल्या घरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला हलव्याच्या दागिन्यांबरोबर चांदीचं काही आलं की ते खालपर्यंत झिरपतं, आणि भांडी घासायला येणारी बाई आपल्या लेकीच्या पहिल्या संक्रांतीसाठी बचतगटातून कर्ज उचलते. तिने कर्ज काढू नये असं तिला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिच्यावर ती वेळ आणणारा पायंडा पाडू नये, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

खर्चाने दुसऱ्याची चूल पेटते, हेही मान्य. पण कुणाची, ते बघायला हवं. सुगडं कुंभार घडवतो, बोरं आणि उसाच्या कांड्या फुटपाथवर टोपली मांडून बसलेली बाई विकते, बांगड्या कासार भरतो. हलव्याचं काम तर बघण्यासारखं असतं. मंद शेगडीवर परात, तिच्यात तीळ किंवा खसखस, वरून चमचा-चमचा साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. दाण्याला काटा फुटायला तासन् तास जातात आणि बोटांची टोकं पोळून निघतात. हवा कोरडी आणि गार नसेल तर काटा येतच नाही. असा हलवा करणाऱ्या बाया अजून आहेत, आणि त्या सांगतील तो दर घासाघीस न करता द्यावा. काटकसर म्हणजे यांच्याकडे पाठ फिरवणं नव्हे. उलट सहा हजारांच्या डब्यांतले दोन हजार इकडे वळवले तर चार घरं धरतील. प्लास्टिकच्या ज्या टोपल्या वर्षभर माळ्यावर पडून राहतात आणि पुढच्या जानेवारीत दुसऱ्या कुणाच्या वाणात निघतात, त्यांनी कुठल्या कारागिराची चूल पेटवली ते मला तरी सापडलेलं नाही.

इथे एक घोळ निस्तरायला हवा. स्वस्त आणि साधं यांत फरक आहे. दहा रुपयांची, महिन्याभरात तडकणारी डबी स्वस्त असते, साधी नसते. नायलॉनचा मांजाही सुती मांजापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ म्हणूनच पसरला. त्याने पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापले, राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो अजून चोरून विकला जातोच. येवल्यात पोरंटोरं, म्हातारे, बाया तीन-तीन दिवस गच्चीवर पतंग उडवतात; त्या मजेला सुती दोऱ्याने काही कमी पडत नाही. पैसे वाचवायला निघालेल्याने कुठले पैसे वाचवायचे हेही ठरवावं लागतं.

मुलं हिरमुसतील, ही भीती मला सगळ्यांत पोकळ वाटते. बोरन्हाणाला जाऊन बघा. काळं झबलं घातलेलं, हलव्याच्या मुकुटाखाली कावरंबावरं झालेलं बाळ पाटावर बसलेलं असतं, त्याला फुग्यांची कमान दिसतही नाही. डोक्यावरून मापट्याने चुरमुरे, बोरं, रेवड्या, उसाचे करवे ओतले की भोवतालची पोरं ज्या झडपेने खाली झेप घेतात, ती खरी गंमत. त्या झटापटीत चॉकलेटला भाव आहे आणि रेवडीला नाही, असं मी कधी पाहिलं नाही. वेचायला दहा पोरं हवीत, बस्स. हॉल घेतला की पोरं मोजून येतात आणि फोटोग्राफर त्यांना ‘थांबा, परत एकदा’ म्हणतो.

आता तो वर्मी लागणारा टोला. सण घरी करा म्हणजे बाईने करा, हेच घडतं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो असं दिसलं, पुरुषांचा 97. त्यातही पुरुषांपैकी फार थोडे ते काम करतात, ते वेगळंच. महाराष्ट्रात संक्रांतीची सार्वजनिक सुटी नसते. म्हणजे नोकरी करणारी बाई भोगीच्या रात्री तीळ भाजणार, संक्रांतीला पहाटे उठून गूळपोळ्या लाटणार आणि डबा घेऊन आठच्या लोकलला लटकणार. अशा घरात ‘विकतचं कशाला, घरीच करू’ म्हणणाऱ्या नवऱ्याने काहीही वाचवलेलं नसतं. बिल बायकोच्या नावावर फाडलेलं असतं. ज्या काटकसरीचा भार एकाच माणसावर पडतो तिला मी काटकसर म्हणणार नाही, आणि अशा घराने बाहेरून तिळगूळ आणला तर त्याला नावं ठेवायचा हक्क कुणाला नाही.

म्हणून गूळपोळीबद्दल माझं मत सरळ आहे. ती अवघड चीज आहे. सारण जरा सैल झालं की तव्यावर फुटते, गूळ जळतो, तवा काळा होतो. ज्यांना येते आणि आवडते त्यांनी करावी, बाकीच्यांनी बचतगटातल्या एखाद्या हातखंडा बाईकडून विकत घ्यावी. तिळाच्या लाडवांचं मात्र तसं नाही. अर्धा किलो तीळ, तेवढाच चिक्कीचा गूळ, पाव किलो दाणे, थोडं खोबरं आणि वेलची, हे सगळं चारशे रुपयांत बसतं आणि शेजारपाजार धरून पुरतं. तीळ मंद आचेवर भाजायचे, तडतडून कढईबाहेर उडू लागले की उतरायचे. हे काम कुठल्याही पुरुषाला जमतं. गुळाचा पाक झाला का, ते वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघायचं. गोळी ताटलीत टाकली की टणकन वाजली पाहिजे. इथपर्यंत एकाने चालतं. पण मिश्रण उतरवलं की ते थांबत नाही, दोन-चार मिनिटांत घट्ट होऊ लागतं आणि दोन हातांनी किलोभर लाडू वळून होत नाहीत. बाप, आजोबा, कॉलेजातला मुलगा, सगळ्यांना हाताला तूप लावून ‘चटके बसतात’ म्हणत परातीभोवती बसावंच लागतं. जे बसणार नाहीत त्यांच्यासाठी कढई तापवायची नाही, असा नियम घरात केला तर माझी काही हरकत नाही.

राहिली शेवटची गोष्ट, आणि ती खर्चाची नाहीच. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठरावाला पैसा लागला नाही, आणि हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा वहिनींना बोलावून इतर सगळ्यांबरोबर कुंकू लावायलाही लागत नाही. तरी दीड-दीडशेची वाणं वाटणाऱ्या घरांतून ती एक खुर्ची अजून रिकामी दिसते. सण मोठा करायची ज्यांना एवढी असोशी आहे, त्यांनी आधी तिथून सुरुवात का करू नये? घटस्फोटित आहेत, अविवाहित आहेत, कामाला येणाऱ्या मावशी आहेत, नवी भाडेकरू आहे, वॉचमनची बायको आहे. एक तीळ सातजणांत वाटून खावा असं आपण म्हणतो ना, मग सातजण मिळाले कुठून, ते आधी बघू.

तेव्हा यंदा एवढंच करा. वाण काय द्यायचं ते ठरवायच्या आधी यादी लिहायला घ्या आणि एकही नाव खोडू नका. मग तुमच्या ऐपतीतल्या रकमेला त्या संख्येने भागा. भागाकार वीस रुपये आला तर वीस रुपयांचं वाण द्या, पाच आला तर नुसता तिळगूळ द्या, आणि पोळ्यांच्या मावशींना बैठकीच्या खोलीत बसवा. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे.